उलाळ गाडी

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या कानी हल्ली एक नवाच बेत पडतो. “अण्णा, या खेपेस हॉटेलात उतरायचे नाही, घरच गाडीमागे जोडून नेऊ.” गेल्या उन्हाळ्यात डेन्व्हर येथे आमच्या चिरंजिवांनी हा बेत मांडला, तेव्हा सर्वांत अधिक आनंद सौ.ना झाला. कारण उघड होते. प्रवासात आपल्या घरच्यांचे निम्मे लक्ष रस्त्याकडे आणि निम्मे जेवणाकडे असते. या पदार्थात अंडे तर नाही ना, तो रस्सा कशात शिजवला, मुक्कामी पोहोचून सूर्यास्ताच्या आत पान वाढले जाईल का, या विवंचनेत समोरचा डोंगर पाहायचा राहून जातो. स्वतःची शेगडी, स्वतःची भांडी आणि गाळलेले पाणी बरोबर असेल तर आणखी काय हवे? यलोस्टोन येथील राष्ट्रीय उद्यान पाहण्याचे ठरले. प्रवासी आम्ही सहा : आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे.

चाकांवरच्या घरांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. मोटरहोममध्ये इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते. त्यात ‘ए’ वर्ग म्हणजे बसएवढा, ‘बी’ म्हणजे व्हॅनमध्येच थाटलेला, आणि ‘सी’ म्हणजे चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखी झोपण्याची जागा असलेला. दुसरे घराणे ट्रेलरचे. त्याला इंजिन नसते. आपल्या मोटारीला मागे जोडायचे आणि ओढत न्यायचे. ट्रेलरचा मोठा लाभ असा की मुक्कामी घर सोडून मोटार मोकळी करता येते. मोटरहोमवाल्याला दूध आणायलाही अख्खे घर हलवावे लागते. उलटपक्षी, ट्रेलर मागे घेणे ही एक विद्याच आहे. सुकाणू उजवीकडे फिरवावे तर ट्रेलरचे बूड डावीकडे जाते. शिवाय अनेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये बसण्यास मनाई असल्याने सर्वांना पुढच्या मोटारीतच बसावे लागते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती कामी येणार आहे.

विकत घेण्याआधी एकदा भाड्याने नेऊन पाहावे हा चिरंजिवांचा विचार मला व्यापारी म्हणून पटला. ट्रेलर पाहायला आम्ही सारेच गेलो. सौ. आणि सूनबाई यांनी तीन शेगड्यांचा ओटा पाहिला, नातवंडांनी एकावर एक बिछाने पाहिले, मी मागच्या बाजूचा सामानाचा प्रशस्त खण पाहिला. भाड्याने देणाऱ्या गृहस्थाने मोटारीचे नाव ऐकून सांगितले, “ही मोटार ३,१७५ किलोपर्यंत ओढते, आणि हा ट्रेलर रिकामा २,२२० किलोचा आहे.” हिशेब सुटला असे सर्वांना वाटले. मलाही वाटले, आणि हे लिहिताना मला संकोच होतो.

कारण माझा जन्म सांगलीत हळदीच्या आडतीवर गेला. चाळीस वर्षे मी गाड्या भरताना पाहिल्या, हमालांना पोती कुठे रचायची ते सांगितले. बैलगाडी मागे जड झाली की उलाळते, बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते आणि बैलांची ताकद वाया जाते, हे आमच्या दुकानात पोरासोरांनाही ठाऊक होते. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी सामान मी माझ्या हातांनी भरले, आणि सारे मागे भरले. तांदूळ, कणीक, डाळी, गूळ, तेलाचे डबे मागच्या खणात. चार सायकली मागच्या बंपरवरच्या मांडणीवर. पाण्याची टाकीही काठोकाठ भरून घेतली. ती या ट्रेलरमध्ये चाकांच्या मागे होती. चिरंजिवांनी विचारले होते, “अण्णा, मागे जास्त होत नाही ना?” मी म्हणालो, “अरे, हे घर आहे. मालट्रक नव्हे.”

डेन्व्हरहून लॅरमीपर्यंत काही झाले नाही. लॅरमीच्या पुढे रॉलिन्सपर्यंतचा हमरस्ता हा अमेरिकेतील वाऱ्याचा कुप्रसिद्ध टापू आहे. एल्क माउंटनच्या आसपास वारा इतका भरतो की हलक्या, उंच वाहनांना वायोमिंग राज्य कित्येकदा रस्ताच बंद करते. त्या दिवशी बंदी नव्हती; वारा मात्र होता. ताशी सुमारे १०५ किलोमीटरने आम्ही चाललो असता एक लांबलचक मालट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या हवेच्या झोताने आमचा ट्रेलर आधी किंचित डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होता. शेपटीने कुत्र्याला हलवावे तशी ती मागची खोली आमची मोटार हलवू लागली. चिरंजिवांनी ब्रेक दाबला, तर झोका वाढला. मागे नातीने आजीचा हात धरला. कोणी ओरडले नाही. मग त्याला शिकलेले आठवले असावे. त्याने ब्रेकवरून पाय काढला, ॲक्सिलरेटरही सोडला, सुकाणू सरळ धरून ठेवले आणि फक्त ट्रेलरची चाके आवळणारी छोटी कळ बोटांनी दाबली. दोन-तीन झोक्यांनी ट्रेलर सरळ रेषेत आला. वेग उतरल्यावर आम्ही कडेला थांबलो. चिरंजीव खाली उतरून बराच वेळ ट्रेलरकडे पाठ करून उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो, पण बोलायला शब्द नव्हते.

तेथून पुढे आम्ही ताशी ७० किलोमीटरने रॉलिन्सला पोहोचलो. तिथल्या ट्रक-थांब्यावर मला आपला माणूस भेटावा तशी एक वस्तू दिसली : वजनकाटा. त्याचे तीन स्वतंत्र तक्ते असतात, म्हणून मोटारीची पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके यांची वजने वेगवेगळी मिळतात. आधी सर्व जोडून वजन केले, मग ट्रेलर सोडून नुसत्या मोटारीचे केले. दोन पावत्यांची वजाबाकी मी तिथेच एका पाकिटाच्या पाठीवर मांडली.

ट्रेलर रिकामा २,२२० किलोचा. भरलेला निघाला २,७२०. म्हणजे ‘रिकामे वजन’ हा आकडा ट्रेलर विकण्यापुरता खरा, चालवण्यापुरता नव्हे. पाणी, गॅस, बॅटरी, धान्य, सायकली यांनी ५०० किलो कुठे भरले ते कळलेही नव्हते. पण दोष तेवढ्यात नव्हता, कारण या ट्रेलरला एकूण २,८१० किलोपर्यंत परवानगी होती. दोष होता तो जुवावर. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याने मोटारीच्या हुकावर जो भार टाकायचा, तो भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. आमचा होता १९० किलो, म्हणजे जेमतेम सात टक्के. आडतीवरच्या भाषेत सांगायचे तर आमची गाडी उलाळ झाली होती, आणि ती मी केली होती.

मग सामान पुढे सरकवले की झाले, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले. तेव्हा सूनबाईंनी मोटारीचे दार उघडून चालकाच्या बाजूच्या खांबावरची चिठ्ठी दाखवली. प्रवासी आणि सामान मिळून इतक्याच वजनाची मुभा, असे तिच्यावर छापलेले असते. आमच्या मोटारीचा आकडा १,४०० पौंड, म्हणजे ६३५ किलो. आम्हा सहा जणांचे मिळून वजन ३३५ किलो. उरले ३००. आणि हुकावर टेकणारा ट्रेलरचा भार याच ३०० मध्ये मोजायचा असतो! २,७२० किलोच्या ट्रेलरचा बारा टक्के भार ३२६ किलो होतो. म्हणजे ट्रेलर नीट भरावा तर मोटार खचणार, मोटार वाचवावी तर ट्रेलर उलाळणार. ‘३,१७५ किलो ओढते’ हे विधान खोटे नव्हते. त्यात आमची सहा माणसे मात्र धरलेली नव्हती.

ज्यांच्या घरी असा बेत चालू असेल त्यांनी हिशेब उलट्या टोकाकडून करावा. आधी दारावरची चिठ्ठी वाचावी. त्यातून सर्व प्रवाशांचे खरे वजन वजा करावे (भगिनीवर्गाची क्षमा मागून सांगतो, खरे), मग मोटारीत ठेवायच्या पिशव्यांचे ५० किलो वजा करावेत. उरेल तो ट्रेलरच्या जुवाचा वाटा. आमच्या बाबतीत २५०. तो भरलेल्या वजनाच्या बारा टक्के असावा असे धरल्यास भरलेला ट्रेलर २,१०० किलोच्या आत हवा, आणि रिकामा १,६०० च्या आसपास. हा आकडा हाती आल्यावरच ओटा, बिछाने, पडदे पाहायला निघावे. आकडा परवडत नसेल तर मोटार बदलावी, किंवा मोटरहोमचा विचार करावा. तिथेही किती भार चढवता येतो याचा आकडा असतोच.

आम्हाला त्या दिवशी नवा ट्रेलर मिळणार नव्हता. पाण्याची टाकी रिकामी केली, तेवढ्याने १५० किलो उतरले. सायकली आत घेऊन चाकांच्या पुढे जमिनीवर बांधल्या. धान्य पुढच्या पलंगाखाली गेले. पुन्हा काट्यावर चढलो : ट्रेलर २,५७०, जुवावर २९०. माणसे धरून ६२५. मोटारीच्या डिकीत ठेवायला दहा किलोंची मुभा राहिली. त्यात मुलांची औषधे आणि माझी जपमाळ बसली. तिसऱ्यांदा आल्यावर काट्यावरच्या बाईने काही विचारले नाही, पण मुलांना दोन सफरचंदे दिली.

पुढचा प्रवास निर्वेध झाला. टॉगवोटी खिंड २,९४४ मीटर उंचीवर आहे. ती उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालचा गिअर घालून इंजिनाच्या अडकावाने उतरायचे, हे आता चिरंजिवांना सांगावे लागले नाही. यलोस्टोनमध्ये आमचा मुक्काम फिशिंग ब्रिज येथे होता. अस्वलांच्या वावरामुळे तिथे कापडी तंबूंना आणि कापडी भिंतींच्या ट्रेलरना मज्जाव आहे. भिंत टणकच हवी. अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. अशी बंधने ट्रेलर निवडण्याआधी माहीत असावीत. मॉन्टानातील ग्लेशियर उद्यानाचा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता तर घाटातल्या भागात २१ फुटांहून लांब वाहनाला घेतच नाही, आणि ती लांबी मोटार व ट्रेलर मिळून मोजतात.

मुक्कामी वीज, पाणी, सांडपाणी या तिन्ही जोडण्या मिळाल्या. वीज ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॅट. सूनबाईंनी वातानुकूलन यंत्र चालू असताना विजेची शेगडी लावली आणि सारे घर अंधारले. मग स्वयंपाक गॅसवर आणि हवा खिडकीतून असे ठरले. सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, संडासाची एक आणि मोरीची दुसरी. आधी संडासाची रिकामी करावी, मग मोरीची, म्हणजे तिच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम मी मागून घेतले. उलाळ गाडीचे प्रायश्चित्त म्हणा हवे तर.

एक सुख मात्र अनपेक्षित लाभले. जूनअखेरीस तिकडे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर उष्ण पाण्याची कारंजी पाहून, आठ वाजता ओट्यावर भाकरी थापून, उजेडात सावकाश जेवण होई. शेजारी एक रुपेरी ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर उभा होता. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना १९६९ मध्ये अशाच ट्रेलरपासून बनवलेल्या खोलीत विलग ठेवले होते, ही माहिती नातवाने पुरवली. त्या तिघांचे वजन कोणी केले होते का, असे मी विचारले तेव्हा चिरंजीव रॉलिन्सनंतर प्रथमच मोठ्याने हसला.

गेल्या महिन्यात त्याने ट्रेलर विकत घेतला. १७ फुटी, पूर्ण भरल्यावर १,६०० किलो. छायाचित्र आले, त्यात चौघांचे बिछाने दिसत होते. सौ.नी ते चष्मा लावून पाहिले आणि विचारले, “मग आपण?” हिशेब मी आधीच केला होता, पण बोललो नाही. थोड्या वेळाने त्याच विचारत्या झाल्या, दोघांच्या तंबूचे वजन किती असते. तीन किलो, मी म्हणालो. फिशिंग ब्रिजला चालणार नाही, इतरत्र चालेल. पुढच्या खणात ठेवायचा.