गुन्हा कबूल करण्यापूर्वी



बार्शीच्या न्यायालयाच्या आवारात एक उपदेश हमखास कानी पडतो : “कशाला खेटे घालता? गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.” अटकेस प्रतिकार केल्याचा आरोप ज्या तरुणावर आहे, त्याला तर आप्तही हेच सांगतात. हा उपदेश घातक आहे.

गुन्हा कबूल केल्यावर अपिलाचे दार जवळजवळ बंद होते. शिक्षा किती व कायदेशीर की नाही, एवढाच वाद उरतो. दंड भरला तरी डाग राहतो आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्यपडताळणीत तोच आडवा येतो. शिवाय, जे केले नाही ते केले म्हणणे हा चौथ्या शीलाचा भंग नव्हे काय?

भारतीय दंड संहितेचे २२४ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २६२ वे झाले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. परंतु अटक कायदेशीर होती, हे सरकार पक्षानेच सिद्ध करावयाचे असते. अटक कोणत्या अधिकाराने झाली, घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे कारणे सांगितली काय, हे प्रश्न खालच्या न्यायालयातच उलटतपासणीत विचारून घ्यावेत. कारण अपील मुख्यतः त्याच कागदांवर चालते.

याचा अर्थ पोलिसांवर हात उगारावा असा मात्र कोणी घेऊ नये. अधिकाऱ्याने सद्भावनेने केलेली कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली, तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क फार संकुचित आहे. रस्त्यावरचा झगडा आपण हरतो. न्यायालयातला जिंकता येतो.

दंडाधिकाऱ्यांनी कैदेची शिक्षा दिल्यास निकालाची प्रत त्वरित व विनामूल्य मागा. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला काळ तीतून वगळला जातो. अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, असा अर्ज करा. निकालाची प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७८ साली बजावले.

१९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धर्मांतराने हा हक्क गेला, असे समजू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा.

‘देशाचे दुश्मन’ पुस्तिकेच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांचे अपील बाबासाहेबांनी १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात चालविले आणि ते निर्दोष सुटले. पहिला निकाल हा शेवटचा निकाल नसतो. तो शेवटचा ठरतो, तो आपण तीस दिवस स्वस्थ बसल्यामुळे.