हाक येण्याआधी

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटतो. तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल असलेल्या या गडचिरोली जिल्ह्यात दवाखाना किती किलोमीटरवर आहे, एवढ्या माहितीवर काही ठरत नाही. नदीला पाणी किती आहे, रात्र आहे की दिवस, घरात उचलून न्यायला कोणी आहे का, हे आधी पाहावं लागतं. आजार वाढल्यावर निघालेला माणूस इथे बहुतेक वेळा उशिराच पोचतो. म्हणून हाक येण्याआधी दारात येणारी बाई मला या भागाची सर्वांत मोठी गरज वाटते.

ते करता येतं, हे याच जिल्ह्याने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये इथे आले, त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. १९८८ मध्ये त्यांनी गावोगाव मोजणी केली, तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२१ पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ थंड पडायचं, दूध ओढेनासं व्हायचं, छातीत कफ भरायचा आणि आईबाप पुजाऱ्याकडे धावायचे. मोठ्या दवाखान्याची वाट पाहण्यापेक्षा बंग दांपत्याने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना शिकवलं. त्या आरोग्यदूत झाल्या.

त्यांच्या कामाची रीत नीट पाहण्यासारखी आहे. बाई गरोदर असतानाच आरोग्यदूत घरी जायची आणि कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगायची. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहायची. बाळ रडलं नाही तर श्वास सुरू करायची. पुढे महिनाभर पुन्हा पुन्हा येऊन वजन करायची, ताप बघायची, श्वास मोजायची. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही तीच द्यायची. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले: या कामाच्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये. एवढ्या कामाला ही रक्कम फार थोडी आहे, आणि हे मी प्रत्येक वेळी लिहीन.

आता त्याच घरातल्या आजीकडे बघा. तिच्याकडे कोण येतं?

‘सर्च’नेच पुढे ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा लकवा सर्वांत वर निघाला. जवळपास दर सात मृत्यूंमागे एक. जंगलातल्या, राबणाऱ्या माणसांच्या गावांत! रक्तदाब वाढतो तेव्हा काही दुखत नाही. माणूस धानाच्या बांधीत उतरतो, मोहफुलं वेचतो, खर्रा खातो आणि एका सकाळी अर्धं अंग गळून बाजेवर पडतो. मग सून मजुरीला जाऊ शकत नाही, नातीची शाळा सुटते. पट्टा दंडाला गुंडाळून रक्तदाब बघायला काही मिनिटं लागतात. तिशीपुढच्या माणसांची नोंद आणि तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेही. घोडं अडतं ते पुढे. गोळी सुरू होते, महिन्याभरात बरं वाटतं, गोळी बंद होते. बाळाचं वजन करायला पुन्हा पुन्हा जाणारी पावलं इथेही तशीच पुन्हा पुन्हा जायला हवीत.

दारूचंही तसंच आहे. गडचिरोलीत बायांच्या आणि गावांच्या लढ्यातून १९९३ मध्ये दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर भांडणारे पुष्कळ भेटतात. पिणाऱ्याच्या बायकोला पहिली मदत केव्हा मिळते, हे विचारणारे कमी. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाने गावसंघटना आणि तालुक्यात उपचाराची सोय, अशी दोन्ही कामं जोडली. हे मला पटतं. डोकं फुटल्यावर पोलीस पाटलाकडे जाण्याआधी बऱ्याच संध्याकाळी गेलेल्या असतात, आणि त्यातल्या एखाद्या संध्याकाळी ओळखीच्या बाईने दारात येऊन ‘काय चाललंय गं?’ विचारलं, तर नवऱ्याला उपचाराला न्यायची वाट तेव्हाच सापडू शकते.

आजीच्या आणि पिणाऱ्याच्या दारी जाण्याचं हे काम आशाताईवरच आणखी लादू नये. तिची वही आधीच भरलेली आहे. पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. वनहक्क मिळालेल्या कितीतरी ग्रामसभांकडे तेंदू आणि बांबूचे पैसे येतात. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने जंगलाचा कारभार ग्रामसभेत बसून, सर्वांच्या संमतीने चालवून दाखवला आहे. पुढच्या सभेत रस्ता आणि समाजमंदिराच्या शेजारी एक विषय मांडावा: गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, लकव्याने पडलेली माणसं, पिणाऱ्यांची घरं यांची यादी, त्यांच्याकडे दर आठवड्याला जाणारी गावातलीच एक बाई, आणि तिचं नियमित मानधन.