प्राध्यापकांचे प्रशिक्षण मोफत, पण वेळेचे पैसे कोण देणार?

मालवीय मिशन, स्वयम, वन नेशन वन सबस्क्रिप्शन... प्राध्यापकांसाठीच्या योजनांची यादी मोठी आहे. पण ज्यांच्या जोरावर अनेक महाविद्यालयांचे वर्ग चालतात, त्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांपर्यंत यातले किती पोहोचते? समजून घेऊ.

महाविद्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर काही दिवसांनी एक लिंक येते. दोन आठवड्यांचा ऑनलाइन उजळणी वर्ग, नोंदणी मोफत, जागा मर्यादित. कायम नोकरीतले सर लिंक उघडतात, प्राचार्यांकडे कर्तव्य रजेचा अर्ज देतात आणि नाव नोंदवून मोकळे होतात. त्याच ग्रुपमधल्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम लिंक वाचतात, त्या दोन आठवड्यांत आपल्या किती तासिका आहेत ते मोजतात आणि मोबाइल बाजूला ठेवतात.

दोघांचे विद्यार्थी एकच. परीक्षाही एकच. फरक एवढाच की एकाच्या शिकण्याचा वेळ पगारात धरलेला आहे आणि दुसऱ्याचा नाही.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०१८ची नियमावली पूर्णवेळ प्राध्यापकाकडून आठवड्याला किमान ४० तास कामाची अपेक्षा करते. त्यापैकी प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकासाठी १६, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी १४. उरलेला वेळ तयारी, संशोधन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि प्रशासकीय कामांसाठी. म्हणजे वर्गाबाहेरचे कामही कामच आहे, हे नियमाने मान्य केले आहे.

प्राध्यापकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, असेही हा नियम सांगतो. २०१०च्या नियमावलीत या अटीला जोडून एक महत्त्वाचे वाक्य होते. या उपलब्धतेसाठी लागणारी जागा आणि सुविधा विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने पुरवाव्यात, असे ते वाक्य. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणखी मुळाशी जाते. धोरणातले तेरावे प्रकरण प्राध्यापकांवर आहे. त्यात पिण्याचे स्वच्छ पाणी, वापरता येतील अशी स्वच्छतागृहे, फळे, कार्यालये, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा ही प्रत्येक संस्थेची पहिली पायरी मानली आहे. शिकवण्याचा भार अवाजवी नसावा, असेही तिथे म्हटले आहे.

रजांची सोयही आहे. प्रशिक्षण, परिषद किंवा कार्यशाळेसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते. त्याशिवाय संशोधनासाठी अभ्यास रजा आहे.

पदोन्नतीचे गणितही प्रशिक्षणाशी बांधलेले आहे. सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जायचे असेल, तर पीएचडी असल्यास चार वर्षांची सेवा आणि अध्यापन पद्धतीवरचा २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग लागतो. सोबत उजळणी वर्ग किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमासारखा एक पर्याय पूर्ण करावा लागतो. कॅस किंवा स्थाननिश्चिती म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया ती हीच.

हे प्रशिक्षण मिळते कुठे?

१९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभरच्या विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या मालवीय मिशनमध्ये ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे’ झाली. देशभरातल्या १११ केंद्रांमधून १५ लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट तेव्हा जाहीर करण्यात आले. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत अशी केंद्रे आहेत. याशिवाय राज्य सरकारने २०१८ मध्ये महाराष्ट्र राज्य फॅकल्टी डेव्हलपमेंट अकॅडमी ही स्वतंत्र संस्था पुण्यात स्थापन केली. अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी एआयसीटीईची अटल अकॅडमी आहे आणि नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूलचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे.

थोडक्यात, प्रशिक्षण देणाऱ्यांची कमतरता नाही. अडचण घेणाऱ्याच्या बाजूला आहे.

आताच हा प्रश्न महत्त्वाचा का?

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या धोरणानुसार अभ्यासक्रम लागू झाले. मुख्य विषयासोबत भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य अभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी नवी भर पडली. हे विषय शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतः विद्यार्थी असताना ते शिकलेले नाहीत. त्यात एआय आले. घरून लिहून आणलेल्या असाइनमेंटला गुण कसे द्यायचे, हा प्रश्न आता प्रत्येक विभागापुढे आहे.

हा मजकूर लिहिणाऱ्याने अभियांत्रिकीच्या बाकावर चार वर्षे काढली आहेत. १९७८ साली बाजारात आलेला ८०८६ मायक्रोप्रोसेसर आम्ही पाठ केला आणि कॅम्पस मुलाखतीत प्रश्न आले ते क्लाउडवर. शिकवणारे सर हुशार होते. पण ते दिवसाला चार तास शिकवायचे, दोन प्रॅक्टिकल घ्यायचे आणि संध्याकाळी प्रवेश समितीच्या फायली भरायचे. नवे शिकायला त्यांना दिवसच उरत नव्हता. दोष आम्ही सरांना दिला. तो वेळापत्रकाचा होता, हे उशिरा कळले.

तासिका तत्त्वाचा हिशेब काय सांगतो?

अनुदानित महाविद्यालयांत कायम पदे रिकामी राहिली की वर्ग तासिका तत्त्वावर चालवले जातात. राज्य सरकारने २०२३ मध्ये कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवी वर्गासाठी हा दर प्रति तासिका ९०० रुपये केला. यूजीसीने अतिथी प्राध्यापकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेला दर १,५०० रुपये आहे, महिन्याला कमाल ५० हजार रुपये.

आता समजा, एखाद्या प्राध्यापिकेकडे आठवड्याला नऊ तासिका आहेत. चार आठवड्यांत ३६ तासिका, म्हणजे ३२,४०० रुपये. दोन आठवड्यांच्या पूर्णवेळ उजळणी वर्गाला त्या बसल्या आणि तासिका बुडाल्या, तर १८ तासिकांचे १६,२०० रुपये गेले. महिन्याची निम्मी कमाई. वर्गाची फी शून्य आहे, हे खरे. पण त्या वर्गाची किंमत त्यांच्यासाठी १६,२०० रुपये आहे. कायम प्राध्यापकासाठी ती किंमत खरोखर शून्य आहे, कारण कर्तव्य रजेत पगार चालू राहतो.

हे सगळे करूनही हाती काय येते? कॅस त्यांना लागू नाही. प्रमाणपत्राने वेतनस्तर बदलत नाही. पुढच्या वर्षी तासिका मिळतीलच, याची हमी नाही.

टेबल, लॉगिन, प्रिंटर

पैशांइतकीच दुसरी अडचण साध्या साधनांची आहे. यूजीसीचे नियम पाच तासांच्या उपस्थितीबद्दल बोलतात, पण तासिकेवर येणाऱ्याला अनेक ठिकाणी स्वतःची खुर्चीही नसते. दोन तासिकांमधला वेळ ग्रंथालयात किंवा कँटीनमध्ये जातो. उत्तरपत्रिका घरी नेल्या जातात. लॅपटॉप स्वतःचा, मोबाइल डेटा स्वतःचा. एखाद्या विद्यार्थ्याला वर्गानंतर काही विचारायचे असेल, तर तो जिन्यात उभा राहून विचारतो.

ज्ञानाच्या साधनांचेही तेच. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार ई-जर्नल्स त्यातून खुली झाली. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली मोठ्या संख्येने महाविद्यालये खासगी शिक्षण संस्था चालवतात. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. त्यात महाविद्यालयाने सदस्यत्व घेतल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देता येते आणि ते घरूनही चालते. मात्र ते लॉगिन कोणाला द्यायचे, हे महाविद्यालयात ठरते. यादी कायम प्राध्यापकांच्या नावांवर थांबली, तर सदस्यत्वाचे पैसे भरलेले असूनही शिकवणाऱ्यांचा एक मोठा गट बाहेर राहतो.

‘हंगामी माणसावर खर्च कशाला?’

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आज प्रशिक्षण द्यायचे आणि उद्या ते दुसऱ्या महाविद्यालयात जाणार, मग फायदा कोणाला? वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो. पण तो महाविद्यालयाच्या वहीतला हिशेब आहे, विद्यार्थ्याच्या नाही. दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला प्राध्यापकही याच राज्यातल्या मुलांना शिकवणार आहे.

शिवाय ‘हंगामी’ हा शब्दच फसवा आहे. दरवर्षी नव्याने नेमणूक घेत तासिका तत्त्वावर अनेक वर्षे काढणारे लोक या व्यवस्थेत आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तेव्हाच कराव्यात आणि त्या एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात. अपवाद म्हणून मान्य केलेली सोय जिथे रोजचा कारभार होते, तिथे त्या लोकांना अपवाद समजून चालणार नाही. कायम भरती हे त्यावरचे खरे उत्तर आहेच. पण भरती होईपर्यंत वर्ग रिकामे राहत नाहीत. तिथे कोणीतरी शिकवत असते.

कायम प्राध्यापकांचे सगळे ठीक आहे का?

तसेही नाही. प्रशिक्षण पदोन्नतीला जोडले की प्रमाणपत्राची घाई सुरू होते. कॅमेरा बंद करून ऑनलाइन सत्राला हजेरी लावायची, शेवटी फीडबॅक फॉर्म भरायचा, पीडीएफ डाउनलोड करायची आणि ती फायलीत लावायची. त्या दोन आठवड्यांनंतर वर्गात काय बदलले, हे विचारणारा फॉर्म कोणी पाठवत नाही. परत आल्यावर बुडालेल्या तासिका भरून काढायच्या असतात, नॅकची कागदपत्रे वाट पाहत असतात आणि निवडणूक असली तर त्याचीही ड्युटी येते. शिकलेले वापरून पाहायला वेळच नसेल, तर उत्तम प्रशिक्षणही फायलीतच राहते.

मग काय करता येईल?

मोठा निधी किंवा नवा कायदा नसतानाही चार गोष्टी होऊ शकतात.

• पगारी प्रशिक्षण दिवस : तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाने मान्यताप्राप्त केंद्राचा वर्ग पूर्ण केला, तर त्या काळात बुडालेल्या तासिकांचे मानधन द्यावे. वरच्या उदाहरणात हा खर्च वर्षाला माणशी १६,२०० रुपये आहे. प्रमाणपत्र दाखवल्यावरच पैसे, एवढी अट पुरेशी आहे.

• सर्वांना लॉगिन : वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रकात ज्यांची नावे आहेत, त्या सगळ्यांना ग्रंथालयाने ई-साधनांचे लॉगिन द्यावे. ग्रंथपालाचे एका दुपारचे काम आहे.

• बसायला जागा : प्रत्येक विभागात एक सामाईक टेबल, कुलूप लागणारे कपाट, वाय-फाय आणि प्रिंटर. नॅकच्या भेटीआधी रंगकाम होते, त्याच वेळी हेही होऊ शकते.

• शिकलेले दाखवणे : प्रशिक्षणाहून आलेल्याने महिन्याभरात विभागात एक तास सहकाऱ्यांसमोर ते मांडावे. कायम असो वा तासिकेवरचा, सर्वांनी बसावे. एकाच्या खर्चात दहा जण शिकतात आणि नुसत्या पीडीएफवर भागत नाही.

यातल्या शेवटच्या तीन गोष्टींसाठी मंत्रालयाकडे पाहण्याची गरज नाही. प्राचार्य आणि संस्थाचालकांनी ठरवले, तर पुढच्या सत्रापासून त्या सुरू होतील. पहिल्या मागणीसाठी मात्र राज्य सरकारलाच शासन निर्णय काढावा लागेल, आणि प्राध्यापक संघटनांनी मानधनवाढीच्या मागणीसोबत ती पुढे रेटायला हवी.

आज मोबाइलवर काय उघडता येईल?

• स्वयम आणि एनपीटीईएल : ऑनलाइन अभ्यासक्रम, शिकायला मोफत. प्रमाणपत्र परीक्षेसाठी शुल्क असते.

• स्पोकन ट्युटोरियल : आयआयटी मुंबईचा प्रकल्प. अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीतही.

• शोधगंगा : भारतीय विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध, पूर्ण मजकुरासह आणि मोफत.

• मालवीय मिशन पोर्टल : देशभरच्या केंद्रांचे वेळापत्रक आणि नोंदणी एकाच ठिकाणी. ऑनलाइन वर्ग असेल तर दुसऱ्या राज्यातले केंद्रही चालते.

• एन-लिस्ट : आपले महाविद्यालय सदस्य आहे का आणि आपले लॉगिन तयार आहे का, हे ग्रंथपालांना आजच विचारा.

विद्यार्थी आणि पालकांनीही प्रवेश घेताना फी, वसतिगृह आणि प्लेसमेंटसोबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही. इथे शिकवणाऱ्यांना शिकायला वेळ मिळतो का? मुलाच्या तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे, आणि ती वर्षे पुरवणी परीक्षेत परत मिळत नाहीत.