लिलावातील माघार आणि बोलीची जबाबदारी

उघड लिलावाचा सारा व्यवहार एका विश्वासावर उभा असतो. ज्याची बोली सर्वांत वरची ठरली, तो त्याच भावाने माल उचलील, हा तो विश्वास होय. हा विश्वास ढळला की लिलाव नुसता देखावा होतो आणि शेतकरी पुन्हा दारात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. शेतीमालाचे लिलाव संगणकावर होऊ लागल्यापासून या प्रश्नाला नवे स्वरूप आले आहे. लिलाव जिंकून नंतर माल न उचलणाऱ्या खरेदीदाराचे काय करावे, याचा विचार शेतकरी, बाजार समित्या आणि ग्रामीण कार्यकर्ते या तिघांनीही केला पाहिजे.

एके काळी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि ज्याचा माल तो शेतकरीच त्या भावाविषयी अंधारात राहत असे. अशा चाली मोडण्यासाठी वऱ्हाडात १८९७ साली, मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली बाजारविषयक कायदे झाले. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, हा त्याच वाटेवरील पुढचा टप्पा होय. त्यात आवक होताच मालाच्या प्रत्येक वक्कलास क्रमांक मिळतो, नमुना तपासला जातो, व्यापारी आपल्या जागेवरून बोली लावतात आणि आलेला भाव पसंत नसल्यास तो नाकारण्याची मोकळीक शेतकऱ्यास असते. भाव उघड झाला, ही यातील मोठीच मिळकत आहे. परंतु भाव उघड होणे आणि तो हातात पडणे यांत अंतर आहे, आणि माघार घेणारा खरेदीदार नेमका त्या अंतरात उभा असतो.

माघारीची कारणे एकाच जातीची नसतात. खरेदीदाराच्या हातून ४,६०० ऐवजी ४६,००० असा आकडा पडला, तर ती उघड चूक आहे. ती तत्काळ कळविल्यास शेतकऱ्याने तिचा लाभ घेण्याचा हट्ट धरू नये. प्रत्यक्ष माल नमुन्याहून हलका निघाला, तर खरेदीदाराची तक्रार रास्त आहे व तीस माघार म्हणता येणार नाही. परंतु दुपारी बाजार उतरला म्हणून सकाळची बोली विसरणे, पैशाची सोय नसताना बोली लावणे, किंवा आपसांत संगनमत करून एकाने चढी बोली लावावयाची व ती सोडून देऊन दुसऱ्याने तोच माल स्वस्तात घ्यावयाचा, हे प्रकार सरळ सरळ अन्यायाचे आहेत. याहून फसवा प्रकार म्हणजे अर्धी माघार. खरेदीदार सौदा मोडीत नाही. पण गाडी त्याच्या खळ्यावर पोहोचली की मालात खोट काढून भाव कमी करण्याची मागणी करतो. गाडीभाडे चढत असते, सूर्य मावळत असतो, आणि शेतकरी निमूटपणे मान तुकवितो. लिलावात एक भाव आणि खळ्यावर दुसरा, असे झाले तर तो लिलावच खोटा ठरतो.

नुकसान किती होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, २० क्विंटल सोयाबीनच्या वक्कलास क्विंटलमागे ४,६०० रुपयांची बोली लागली व दुसऱ्या क्रमांकाची बोली ४,५५० रुपयांची होती. पहिल्याने माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी फेरलिलावात ४,३०० रुपयेच भाव मिळाला. येथे शेतकऱ्याचे ६,००० रुपये गेले. शिवाय मुक्काम, गाडीभाडे व हमाली निराळीच. मात्र त्याच वेळी दुसऱ्या बोलीवाल्यास माल देता आला असता, तर तूट केवळ १,००० रुपयांची राहिली असती. दोन्ही वेळी ती तूट ज्याने शब्द मोडला त्याने भरावी, एवढीच न्यायाची मागणी आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे लिलाव पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. त्यानंतर विक्री पूर्ण झाली असे समजले जाते. शेतकऱ्यास भाव नाकारता येतो, मग व्यापाऱ्यास का नाही, असे विचारले जाते. त्याचे उत्तर यातच आहे. दोघांचीही मोकळीक सौदा पक्का होण्यापूर्वीची असते. पक्क्या सौद्यानंतर दोघेही बांधले जातात, आणि शेतकऱ्यानेही चार रुपये अधिक मिळतात म्हणून तो माल दुसरीकडे वळवू नये. करार संगणकावर झाला एवढ्याच कारणाने तो दुबळा ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम १०-क ने स्पष्ट केले आहे. करार मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे; परंतु नुकसान कमी राहावे यासाठी विक्रेत्यानेही योग्य ती खटपट केली पाहिजे, असे तेच कलम सांगते. म्हणून रागाच्या भरात माल कुजत ठेवणे शहाणपणाचे नाही. दाम न मिळाल्याने माल आपल्याच ताब्यात ठेवून तो पुन्हा विकावयाचा असेल, तर तशी सूचना आधी खरेदीदारास द्यावी. नाशवंत मालास ही अट नाही. इतर मालाच्या बाबतीत सूचना न देता फेरविक्री केल्यास कलम ५४ प्रमाणे तुटीची भरपाई मागता येत नाही.

तथापि सहा हजार रुपयांसाठी कोणता शेतकरी दिवाणी न्यायालयाची पायरी चढेल? म्हणून खरा उपाय बाजाराच्या आवारातच झाला पाहिजे. बोली लावण्यापूर्वी खरेदीदाराचा इसार समितीकडे जमा असावा. वरील उदाहरणात एकूण किंमत ९२,००० रुपये होते. तिचा पाच टक्के इसार ४,६०० रुपयेच भरतो व फेरलिलावातील तूटदेखील भागत नाही. यावरून इसार जप्त करून थांबणे पुरेसे नाही, उरलेली तूटही वसूल झाली पाहिजे, हे ध्यानात येईल. दुसऱ्या क्रमांकाची बोली ठरावीक वेळेपर्यंत बांधील ठेवण्याचा नियम असावा. वारंवार माघार घेणाऱ्याची नोंद सर्वांस दिसावी व त्याचा परवाना काही काळ स्थगित व्हावा. परवाना देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी तो स्थगित करण्याच्या अधिकाराचाही उपयोग करण्यास कचरू नये. व्यापारी नाराज झाले तर बाजार ओस पडेल, ही भीती काही ठिकाणी बोलून दाखविली जाते. पण शेतकऱ्याने पाठ फिरविली तर बाजार त्याहून लवकर ओस पडेल. शिवाय प्रामाणिक व्यापाऱ्यासही हे नियम हिताचेच आहेत. कारण खोट्या चढ्या बोलीने प्रथम त्याचाच माल हुकतो.

हक्क मागणाऱ्याने आपली बाजूही स्वच्छ ठेवावी. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल व तळाशी डागी माल, असा प्रकार करणारा शेतकरी खरेदीदाराच्या हाती माघारीचे निमित्त स्वतःच देतो. माल चाळून, वाळवून, प्रतवारी करून आणावा. प्रत्येक प्रतीचे वक्कल वेगळे ठेवावे. नमुना आपल्या समक्ष काढून घ्यावा आणि ओलावा व काडीकचरा यांचे तपासणीचे आकडे समजून घेऊन जपून ठेवावेत. पुढे वाद उद्भवल्यास हे आकडेच शेतकऱ्याचे साक्षीदार होत.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या सभांत बियाणे व खतांबरोबर या विषयासही थोडा वेळ द्यावा. आवकेची पावती, वक्कलाचा क्रमांक, मान्य झालेल्या भावाचा मोबाइलवरील संदेश, सौदापत्रक व काटापट्टी हे कागद एकत्र ठेवण्याची सवय शेतकऱ्यांस लावावी. खळ्यावर कपातीची मागणी झाल्यास तेथे तोंडी तडजोड न करता समितीच्या सचिवाकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. वाद मिटविण्यासाठी १९६३ च्या कायद्यात उपसमितीची तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी तिलाच वांधा समिती म्हणतात. ज्यास अर्ज लिहिणे जमत नाही, त्यास तो लिहून देणे हेही कार्यकर्त्याचे कामच समजले पाहिजे. एकट्या शेतकऱ्याची तक्रार दुर्लक्षिली जाते. दहा शेतकऱ्यांच्या तक्रारी एकाच नावाविरुद्ध आल्या की समितीस हलावे लागते.

दोन-चार सौदे मोडले म्हणून संगणकावरील लिलावच नको, असे म्हणणे म्हणजे उंदरांच्या भयाने कणगी जाळण्यासारखे आहे. रुमालाखालच्या सौद्यात कोण फिरला याची खूणही मागे राहत नसे. आजच्या लिलावात प्रत्येक बोली, तिची वेळ व बोली लावणाराचे नाव नोंदले जाते. ती नोंद उघडून जबाब मागणारा शेतकरी आणि त्या जबाबाचा आग्रह धरणारी बाजार समिती, एवढी दोन माणसे उभी राहिली तर माघार घेणाऱ्यास आपला शब्द महाग पडू लागेल.