मधली फळी कोठे आहे?

फुटबॉलच्या खेळात गोल करणाऱ्याचे नाव ठळक टायपात छापले जाते आणि गोल अडविणाऱ्याचे नाव निदान पराभवाच्या दिवशी तरी लोकांच्या तोंडी येते. पण या दोघांच्या मध्ये उभे राहून, नव्हे, दीड तास अखंड धावून, मागचा चेंडू पुढे पोचविणारा जो मधल्या फळीतला गडी, त्याची आठवण लोकांना तो मैदानात नसतो तेव्हाच होते. एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर धावणारा हा खेळाडू म्हणजे संघाचा कणा. तो मोडला की आघाडीचे वीर चेंडूची वाट पाहत उभे राहतात आणि बचावाचे गडी घायकुतीला येतात. महाराष्ट्रातील फुटबॉलची आज नेमकी हीच अवस्था झाली आहे. वर कोट्यवधींच्या उलाढालीची स्पर्धा आहे, खाली शाळकरी मुलांचा उदंड उत्साह आहे; मधल्या जागी मात्र मैदान ओसाड आहे. अशा खेळात एखाद्या तरुणाने आपल्या उमेदीची पंधरा वर्षे कोणाच्या भरवशावर घालावी, हा प्रश्न आम्ही आज विचारीत आहोत.

प्रश्न हवेतला नाही. मुंबईच्या मैदानांनी देशाला दिलेल्या खालिद जमील यांचेच उदाहरण घ्या. मधल्या फळीतील हा खेळाडू महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, भारताच्या संघातही पोचला. पुढे तो मुंबई एफ.सी. या नव्या क्लबात आला. पण दुखापतींनी पाय धरला आणि २००९ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याला बूट खुंटीला टांगावे लागले. नोकरदाराच्या आयुष्यात बत्तिसावे वर्ष म्हणजे पहिल्या बढतीचे. खेळाडूच्या आयुष्यात ते निवृत्तीचे ठरले. त्याच क्लबाने त्याच वर्षी त्याच्या हाती प्रशिक्षणाची धुरा दिली आणि ती त्याने सात वर्षे वाहिली. नंतर आयझॉल या मिझोरममधील क्लबाला त्याने २०१७ साली आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. आदल्या मोसमात हा संघ स्पर्धेबाहेर फेकला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला एका गुणाने मागे टाकून त्याने विजेतेपद पटकावले. २०२१ साली आय.एस.एल.मधील संघाचा पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक होणारा पहिला भारतीय म्हणून जमील यांचे नाव लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. एका तपाहून अधिक काळ ती परकीय मार्गदर्शकांकडेच होती. त्यांच्या हाताखाली संघाने मध्य आशियाई राष्ट्रांच्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरे स्थान मिळविले. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरकडून २–१ असा पराभव पत्करून २०२७ च्या आशिया चषकाचे दारही त्याच संघाला बंद झाले.

जमील यांच्या या वाटचालीचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या क्लबांनी हा खेळाडू घडविला आणि पोसला त्यांचे पुढे काय झाले? २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड हा संघ २०१० साली मालकांनी बंद केला. एअर इंडिया २०१३ साली आय-लीगमधून बाहेर पडली. मुंबई एफ.सी. २०१७ मध्ये आटोपला. पुण्याची कथा याहून करुण आहे. पुणे एफ.सी. गेला, भारत एफ.सी. एकच मोसम खेळून गेला, डी.एस.के. शिवाजीयन्स गेला आणि २०१९ साली एफ.सी. पुणे सिटीनेही गाशा गुंडाळला. एका दशकात सात नावे पुसली गेली! उरला तो मुंबई सिटी. त्याने २०२०-२१ मध्ये आय.एस.एल.ची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले, २०२४ मध्ये पुन्हा चषक नेला, हे भूषणावह आहे. पण एका खांबावर मांडव उभा राहत नाही.

प्रत्येक क्लबाच्या अंताबरोबर पंचवीस-तीस खेळाडूंच्या संसाराची घडी विसकटते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. पूर्वी टाटा, मफतलाल, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट यांचे संघ होते. त्या काळचा खेळाडू व्यावसायिक म्हणवून घेत नसे; पण त्याच्या नावाने हजेरीपट होता, प्रॉव्हिडंट फंड होता आणि पाय थकल्यावर बसावयास खुर्ची होती. नव्या व्यवस्थेने खुर्ची काढून घेतली आणि करारपत्र हाती दिले. करारपत्रावरची रक्कम मोठी असेल. परंतु ते पाळण्याची हमी कोणाची? जुलै २०२५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर सर्वांना मिळाले. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपावयाचा होता. तो नव्याने होईना, म्हणून आय.एस.एल.चा मोसमच अधांतरी लटकला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. ज्या स्पर्धेकडे सारा देश शिखर म्हणून पाहत होता ती अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये, तीही आखूड रूपात, सुरू झाली. शिखरावरच्या खेळाडूची ही दशा, तर पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलाने वर पाहून काय समजावे?

तो पायथा कोठे आहे हे शहरातील वाचकास कळावे म्हणून एका गावाचे नाव घेतो. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शनिशिंगणापूरच्या वाटेवर, नेवासे तालुक्यात घोडेगाव आहे. कांद्याच्या लिलावासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी हे गाव दूरवर ठाऊक आहे. कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, हे ज्या गावातील पोरालाही कळते, तेथील बापाला अनिश्चिततेची भीती शिकवावी लागत नाही. पण त्याच्याही व्यवहारात एक शिस्त आहे. बाजाराचा वार ठरलेला आहे, तोल ठरलेला आहे, आडत्या कोण हे ठाऊक आहे. त्याच्या मुलाच्या पायात उद्या उपजत कसब दिसले, तर त्याने कोणत्या बाजारात जावे? कोणत्या वारी? तोल कोणाचा? अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंत जाण्यासाठी मधले कोणते ठाणे त्याला आहे? या प्रश्नांचे सरळ उत्तर आज शासनापाशी नाही आणि फुटबॉलच्या संघटनांपाशीही नाही.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१७ साली कुमारांचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे सामने नवी मुंबईतही रंगले. त्याआधी १५ सप्टेंबर रोजी राज्यभर फुटबॉलचा दिवस साजरा झाला. शाळाशाळांतून चेंडू वाटण्यात आले आणि लाखो मुले मैदानात उतरली. हेतू चांगला होता, दृश्यही मनोहर होते. परंतु चेंडू ही एका पावसाळ्याची वस्तू आहे. तो फाटल्यावर दुसरा कोण देणार, मुलांना शिकविणार कोण, आणि दुसऱ्या दिवशी सामना कोणाशी खेळावयाचा, हे त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. उत्सव करणे आम्हांला फार चांगले जमते. उत्सवानंतरचे ३६४ दिवस कोणाच्याच खात्यात नसतात.

त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघात खेळला आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचे नाव सार्थ झाले. मात्र तो कोल्हापूरचा होता, हा योगायोग नव्हे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ तेथे पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहेत. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्ष्या पाहावयास हजारो लोक तिकीट काढून बसतात. त्या ईर्ष्येला कधी भांडणाचा डाग लागतो हे खरे. पण पोराला जन्मल्यापासून संघ आहे, सामना आहे, प्रेक्षक आहे. गोव्यात तेच काम गावोगावच्या मैदानांनी केले. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, लेनी रॉड्रिग्स, ब्रँडन फर्नांडिस ही मधल्या फळीतील मोठी नावे एवढ्याशा प्रदेशातून निघाली, ती मातीच्या गुणामुळे नव्हे, तर तेथे खालपासून वरपर्यंत पायऱ्या होत्या म्हणून.

यावर एक आक्षेप हमखास येईल. जेथे पिण्याच्या पाण्याची भ्रांत आहे, जेथे शाळेला छप्पर नाही, तेथे फुटबॉलची चैन कशाला? आक्षेप घेणाऱ्यांच्या कळकळीबद्दल आम्हांला आदर आहे. पण तुलनेसाठी आइसलँडकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. आइसलँडची तिच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. वर्षातील कित्येक महिने तेथे बर्फ आणि अंधार. तरी २०१८ च्या विश्वचषकात तो देश उतरला. त्याने परदेशी तारे विकत आणले नाहीत; बंदिस्त मैदाने बांधली आणि लहान मुलांना शिकविण्यासाठी परवानाधारक, पगारी प्रशिक्षक नेमले. जपानने १९९३ साली दहा क्लबांवर व्यावसायिक लीग सुरू केली. २०२४ साली तिच्या तीन श्रेण्यांत मिळून ६० क्लब खेळत होते. तेथे क्लबाच्या नावात कंपनीचे नाव नव्हे, गावाचे नाव घालण्याचा दंडक घातला गेला. कंपनीचा नफा घटला की कंपनीचा संघ मरतो. गावाचा संघ गाव मरू देत नाही. महिंद्रापासून पुणे सिटीपर्यंतच्या मृत्युलेखांचे सार याच एका वाक्यात आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी कराव्या. पहिली, प्रत्येक तालुक्यात दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत चालणारी, मुलांची व प्रौढांची लीग. एका दिवसाची बाद फेरीची स्पर्धा नव्हे. कारण बाद फेरीत अर्धे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि शिकणे तेथेच संपते. दुसरी, प्रत्येक तालुक्याला एक पगारी, परवानाधारक प्रशिक्षक. नगर जिल्ह्यात तालुके १४ आहेत; १४ माणसांचा पगार हा राज्याच्या तिजोरीला न पेलणारा बोजा आहे असे कोणी आम्हांला सांगू नये. या जागा निवृत्त खेळाडूंनाच द्याव्या, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी बूट काढणाऱ्याला पुढची वाट दिसेल. जमील यांना ती वाट एका क्लबाच्या मर्जीने मिळाली; ती नियमाने मिळाली पाहिजे. तिसरी, व्यावसायिक क्लबाने खेळाडूंच्या वेतनाची काही रक्कम मोसमाआधीच अनामत ठेवावी. ती न ठेवणाऱ्यास संघ उतरविण्याची परवानगी नसावी. चौथी, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण पदकांच्या झगमगाटापुरते न राहता, वर्षानुवर्षे लीग खेळणाऱ्या मैदानी खेळाडूंपर्यंत पोचावे.

यातील पहिल्या दोन गोष्टी शासनाने, तिसरी महासंघाने आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने, चौथी मंत्रालयाने मनात आणली तर दोन वर्षांत होण्याजोग्या आहेत. सुशिक्षित शहरी वर्गाचेही येथे काही कर्तव्य आहे. रात्र जागवून इंग्लंड-स्पेनच्या क्लबांचे सामने पाहणारा, परदेशी मधल्या फळीतील खेळाडूंची कुंडली तोंडपाठ असणारा आमचा तरुण आपल्याच शहरातील लीगच्या सामन्याला फिरकत नाही. प्रेक्षक नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून खेळ नाही आणि खेळ नाही म्हणून प्रेक्षक नाही, हे दुष्टचक्र कोठे तरी तोडावेच लागेल. रविवारची एक दुपार आणि एका तिकिटाची किंमत एवढी वर्गणी प्रत्येकाने द्यावयास हरकत नसावी.

घोडेगावातील प्रत्येक मुलाने भारताकडून खेळावे, असे आमचे म्हणणे नाही. हजारांत एकच तेथवर जातो आणि ते जगभर तसेच आहे. पण उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना आपण कोठपर्यंत जाऊ शकलो असतो हे कळण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि जो जाईल त्याच्या बापाला पोरगा वाया गेला असे वाटता कामा नये. चेंडू मागून पुढे जाण्यासाठी मध्ये कोणी तरी उभे असावे लागते. महाराष्ट्राच्या फुटबॉलमध्ये ती जागा शासनाची आहे, संघटनांची आहे आणि आपलीही आहे. ती आज रिकामी आहे.