लूव्र संग्रहालयास खुलं पत्र: ज्युडिथ लेस्टरच्या चित्राखाली चार ओळी वाढवा

मा. संचालक,
लूव्र संग्रहालय, पॅरिस



पत्रास कारण, आपल्या संग्रहातलं १६३० सालचं एक लहानसं चित्र. तरुण रंगात येऊन व्हायोलिन वाजवतोय, शेजारच्या बाईच्या हातात मद्याचा पेला आहे. हार्लेमच्या ज्युडिथ लेस्टरनं ते रंगवलं तेव्हा तिनं विशी जेमतेम गाठली होती.

पुढे हे चित्र तिच्याच काळातल्या नामांकित चित्रकाराचं, फ्रान्स हाल्सचं, म्हणून विकलं गेलं. तिची खूण चित्रावरच होती: जे आणि एल ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली आणि त्यांना जोडून एक तारा. १८९३च्या सुमारास लंडनमध्ये चित्राच्या व्यापाऱ्यांचं भांडण कोर्टात गेलं, आणि हॉफस्टेडे द ग्रूट या डच अभ्यासकानं ती खूण लेस्टरची असल्याचं दाखवून दिलं. खरेदीदाराची तक्रार काय, तर हाल्स म्हणून घेतलेलं चित्र हाल्सचं नाही. शेवटी किंमत उतरवून तडजोड झाली. कुंचल्याचा एक फटकारा बदलला नव्हता, तरी भाव पडला. एक मोठी चित्रकर्ती सापडली याचा आनंद त्या कोर्टात कुणालाच झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ती काही फावल्या वेळात चित्रं काढणारी नव्हती. १६३३ साली ती हार्लेमच्या चित्रकारांच्या गिल्डची, म्हणजे व्यावसायिक संघाची, सभासद झाली. तिच्या हाताखाली शिष्य होते. त्यांतला एक तिला सोडून हाल्सच्या कार्यशाळेत गेला, तेव्हा १६३५ साली तिनं थेट गिल्डकडे दाद मागितली. ज्याच्या नावाखाली तिची चित्रं पुढे गडप झाली, त्याच्याशी ती हयातीत अशी बरोबरीनं भांडली होती! १६३६ साली तिनं चित्रकार मोलेनारशी लग्न केलं. त्यानंतरची तिची चित्रं अगदी मोजकी. १६६० साली ती गेली.

आज चित्र तिच्या नावावर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. ते कुणाचं म्हणून विकलं गेलं, खूण कशी ओळखली गेली आणि नाव कळल्यावर किंमत का उतरली, हे सगळं भिंतीवरच्या फलकावर ठळक लिहा. चूक गुपचूप सुधारली की पाहणाऱ्याला वाटतं, ही बाई पहिल्यापासून इथं मानानं होती.

दुसरी विनंती कोठारातल्या चित्रांसाठी. व्हिएन्नाच्या संग्रहालयात चित्रकर्ती मिखाएलिना वाउटियरचं मद्यदेव बॅकसच्या मिरवणुकीचं साडेतीन मीटर रुंद चित्र अभ्यासक काटलाइन व्हान डर स्टिखेलन यांना १९९३ साली कोठारातच दिसलं. तिचं मोठं प्रदर्शन अँटवर्पला भरायला २०१८ उजाडलं. ‘अमुक चित्रकाराच्या परंपरेतलं’ अशी मोघम नोंद असलेली १७व्या शतकातली आपली चित्रं पुन्हा तपासायला घ्या. चित्रकार पुरुषच असणार, हे मात्र आधी धरून चालू नका.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
मराठीतून चित्रकलेविषयी लिहिणारी एक लेखिका