आधी पाण्याचा हिशेब

पेण-रोह्याच्या खाडीपट्ट्यात गोल्फ मैदान आणि त्याभोवती सुट्टीचे बंगले उभारण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला, पाणी कुठून येणार हे जाहीर झाल्याशिवाय मंजुरी मिळता कामा नये. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि रायगडातली जमीन मुंबईकरांच्या ‘सेकंड होम’च्या नकाशावर ठळक झाली. रोजगार येईल, हे खरे. कॅडी, माळी, स्वयंपाकी लागतीलच.

पण अठरा होलचे मैदान उन्हाळाभर हिरवे ठेवायला रोज लाखो लिटर पाणी लागते. पेण तालुक्यातल्याच हेटवणे धरणाचे पाणी सिडको नवी मुंबईला नेते आणि खाडीकाठच्या खारेपाटातली गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रोह्यात कुंडलिकेच्या पाण्यावर शेती आणि धाटावची कारखानदारी दोन्ही अवलंबून आहेत. त्यात हिरवळीचा तिसरा वाटेकरी कशासाठी?

खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधांचा, प्रश्न वेगळाच. भराव टाकून उधाणाच्या पाण्याची वाट अडवली की ते शेजारच्या भातखाचरात शिरते, आणि एकदा खारावलेले शेत लवकर पिकत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांत ‘सेझ’साठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जनमत घ्यावे लागले होते, हे जिल्हा प्रशासनाने विसरू नये. गोल्फ मैदानाला फक्त प्रक्रिया केलेले सांडपाणी, तेही प्रकल्पाच्या स्वतःच्या खर्चाने, ही अट परवान्यातच लिहा. खारेपाटातल्या घरांत नळाचे पाणी पोहोचेपर्यंत हेटवणेचा एक थेंबही हिरवळीसाठी देऊ नका.